वरचं कार्ड

वसमतमध्ये ऐश्वर्यानं गेम पार्लर उघडलं, ते तिच्या वडिलांना, जळबांना, पसंत नव्हतं. पहिल्याच स्पर्धेत, भर उन्हाळ्यात, पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांचा भारी कॉम्प्युटर तापून वारंवार बंद पडू लागला. दाटीनं जमलेली पोरं कुजबुजायला लागली. ऐश्वर्यानं झाकण काढून टेबलफॅन लावला, तरी पडद्यावरचं तापमान चढतच राहिलं. वरच्या कार्डाला बोट लागताच चटका बसला. खालचं कार्ड इतकं चिकटून होतं, की वरच्याच्या पंख्याला हवाच मिळत नव्हती. तिनं मशीन बंद करून खालचं कार्डच उपसलं. “काहून काढून राहिली? बिघडलं का?” जळबांनी दारातून विचारलं. “न्हाई बाबा, वरच्याला हवा पायजे.” खेळ सुरू झाला, चित्र जरा अडखळलं, पण तापमान चढायचं थांबलं. “सरका मागं!” जळबा मशीनभोवतीच्या पोरांवर ओरडले. “माझ्या लेकीच्या मशीनला हवा लागू द्या.”