निलमचा आवाज

डहाणूच्या घरात बसून तुषारने स्वतःची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. त्या गाण्यांची ग्रामोफोनची तबकडी बनून हातात आली तेव्हा त्याच्या बायकोचं, निलमचं, वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. घरातले सगळे आवाज तबकडीत आलेत, असं ऐकून निलमची आई तलासरीहून एसटीने आली. तुषारने सुई ठेवली. गाण्यामागे कावळा ओरडला, शेजारची स्कूटर गेली. तबकडीची बाजू संपली. "आमची निलम कुठे बोलते?" "नाही बोलत, आई. मी गायला बसलो की ती पंखा बंद करायची, काचेच्या बांगड्या उतरवायची आणि समोर गप्प बसायची. आवाज नको म्हणून." "म्हणजे तिथेच होती?" "प्रत्येक गाण्याला."  म्हातारीने उठून पंखा बंद केला. हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, पदरात बांधल्या आणि समोर बसली. "परत लावा."