हयात असल्याची खात्री

"आई घरात नाहीये," दार उघडणारा म्हातारा म्हणाला आणि तपासनीस बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्या पेन्शन कार्यालयातून आल्या होत्या. पेन्शन घेणारं माणूस खरोखर हयात आहे का, हे घरी जाऊन डोळ्यांनी बघायचं, हे त्यांचं काम. अलीकडे ते फार वाढलं होतं. कमावणारे हात कमी झाले होते, पेन्शन घेणारे वाढतच होते, आणि तिजोरीची ओढाताण चालली होती. "एकशे चार वर्षं!" साहेब सकाळीच कडाडले होते. "नोकरी केली त्याहून जास्त वर्षं पेन्शन खाल्लीय या आजींनी. कधीच गेल्या असतील हो! घरचे मजेत उचलतायत. जा आणि बंद करून या."

बाईंनी अशी घरं पुष्कळ पाहिली होती. कुठे आजोबा गावाला गेलेले असत, कुठे नुकताच त्यांचा डोळा लागलेला असे. एका घरी तर पांघरुणाखाली नुसत्या उशा निघाल्या होत्या.

"कुठे गेल्यात आई?"

"पोहायला."

बाईंना हसू आवरेना. इतक्या थापा ऐकल्या, पण ही अगदीच कोरी करकरीत होती. "चला तर मग, दाखवा."

म्हातारा स्वतःच ऐंशीचा. काठी टेकत, कोपऱ्याकोपऱ्यावर दम खात तो निघाला. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, त्याने सांगितलं. सगळी नोकरी कानाला यंत्र लावून, एका खुर्चीत. आता घरात दोघंच, आणि दोघंही पेन्शनर. "स्वयंपाक अजून तीच करते. माझ्या हाताला चव नाही म्हणते."

बाई हूं हूं करत होत्या. आता हा कुठल्या वळणावर 'विसरलोच बघा' म्हणतो, याची वाट बघत होत्या.

तरणतलावाच्या काचेच्या छपरातून ऊन आत उतरलं होतं. पाणी स्तब्ध होतं. मधोमध एक देह तरंगत होता. हात पसरलेले, डोळे मिटलेले, टोपीतून सुटलेली एक पांढरी बट पाण्यावर पसरलेली. हालचाल नाही.

बाई काठाकडे धावल्या. "अहो, बघा ना, तुमच्या आई..."

"शू," म्हातारा म्हणाला. "तिला असं पडायला आवडतं."

बाईंनी स्वतःचा श्वास रोखला. त्या कृश छातीचा भाता अलगद वर आला, खाली गेला. पाण्यावर केसाएवढी लहर उठली आणि पसरत पसरत त्यांच्या पायांशी आली. मग दुसरी. बाई बघतच राहिल्या. आपण कशासाठी आलो होतो, याचं त्यांना भान उरलं नाही.

देह सावकाश वळला. दोन्ही हात पाणी कापू लागले. घाई नाही, आवाज नाही. आजी काठाशी आल्या, दांडा धरून एकेक पायरी चढल्या. मुलाने टॉवेल पुढे केला.

"पाण्यात उतर म्हटलं तर भितो," त्या बाईंना म्हणाल्या. "पहिल्यापासून असाच आहे."

"आजी, मी पेन्शन कार्यालयातून आले. म्हणजे... तुम्ही आहात का, ते बघायला."

"मग? आहे का गं मी?"

बाईंनी मान डोलावली.

"तू किती वर्षांची?"

"साठ होतील. पुढच्या महिन्यात रिटायर होतेय. झालं आता आमचं सगळं." बाई खाली वाकल्या. त्यांनी पाण्यात बोटं बुडवली आणि तशीच राहू दिली. "तुम्ही अगदी लहानपणीच शिकला असाल ना?"

आजी खळखळून हसल्या.

"छे गं! रिटायर होईपर्यंत पाण्यात पाऊलसुद्धा घातलं नव्हतं मी."