खंडेनवमी

सगळे संगणक जोडणाऱ्या स्विचची सेटिंग उडाली आणि रुग्णालयाचं नेटवर्क झोपलं. ती परत भरायला नेटवर्क सांभाळणाऱ्या शलाकाने स्विचच्या कन्सोल नावाच्या खाचेत केबल घालून लॅपटॉप जोडला, पण स्क्रीन काळीच. केबल बदलली, लॅपटॉप बदलला, एंटर बडवलं. स्विच एक अक्षर बोलेना.

"मॅडम, पेशंट टेबलावर आहे. स्कॅन उघडत नाहीये. सर सुरी कुठे लावणार?" सिस्टर दारातून ओरडली.

शलाकाने केबल उपसली आणि मोबाइलचा उजेड कन्सोलच्या खाचेत पाडला. आत कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा अडकला होता. केसातल्या पिनेने तिने तो टोकरून काढला. आता केबल खटकन बसली, स्क्रीनवर अक्षरं धावली.

दाणा बोटाला चिकटून राहिला. काल खंडेनवमीला, "वर्षभर दगा देऊ नकोस रे बाबा," म्हणत तिनेच स्विचवर अक्षता टाकल्या होत्या.