मुठीतली किल्ली

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाच्या दारातच ती थबकली. हल्ली सगळंच विसरायला लागलेले बाबा टेबलावरच्या उघड्या, चालू टीव्हीवर वाकले होते, दोन्ही हात आत घालून. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. एका हाताला शॉक बसला तर माणूस नुसता हादरतो. दोन्ही आत असले तर करंट छातीतून जातो, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. बटण बंद करूनही पिक्चर ट्यूबमध्ये करंट उरतोच, आणि ओरडलं तर दचकणार. तिने दुकानाची किल्ली मुठीत आवळून सहज विचारलं, “बाबा, किल्ली तुमच्या खिशात राहिली का हो?” त्यांचा डावा हात बाहेर येऊन खिसा चाचपू लागला. तेवढ्यात तिने दोन्ही हातांनी त्यांना मागे ओढलं. “दोन्ही हातांनी धरलंस?” बाबा वैतागले. “एक खिशात ठेवायचा, कितीदा सांगितलं?” “चुकलंच,” म्हणत तिने किल्लीसकट हात खिशात घातला.