मधल्या जागेतला ओडवार

डोकी दुसऱ्यांदा मोजली तरी एक कमीच भरलं. दारातल्या यंत्राने जितके बोर्डिंग पास आत सोडले, तितकी माणसं आत नव्हती, आणि हा मेळ बसल्याशिवाय विमान कोपनहेगनहून हलत नाही. विमानातला कर्मचारी टोर्बेन एकेक रांग बघत चौदाव्या रांगेशी थांबला. खिडकीपाशी सत्तरी ओलांडलेली एब्बा बसली होती. शेजारच्या मधल्या जागेवर पुरुषाचा जाड करडा कोट होता, पट्टा बांधून बसवलेला.

"आजी, तुमच्या शेजारचे ओडवार कुठे गेले?" त्याने हातातल्या यादीत नाव बघत विचारलं.

"हा काय!" एब्बाने कोटाच्या बाहीवर थाप मारली. "आणि आजी मी माझ्या नातवंडांची. तुझी नव्हे."

टोर्बेनला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. "म्हणजे ते..."

"माझा नवरा. फेब्रुवारीत गेला. तिकीट त्याआधीच काढलेलं. त्याच्या फोनवरचा पास मी यंत्राला दाखवला, दिवा हिरवा झाला. यंत्राने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही."

टोर्बेनचा चेहरा उतरला. पण त्याच्या मागे एक तरुण बाई ताटकळत उभी होती. सिल्ये तिचं नाव. कुणाची जागा रिकामी राहिली तर तिला मिळणार होती. सणाचा पोशाख कव्हरात घालून तिने छातीशी धरला होता. उद्या सतरा मे, नॉर्वेचा राष्ट्रीय सण. बर्गनमध्ये तिची लेक झेंडा घेऊन शाळेच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे चालणार होती, आणि तिकडे जाणारं आजचं हे शेवटचं विमान.

"कोट वर सामानात ठेवावा लागेल," टोर्बेन हळूच म्हणाला. "जागा रिकामी आहे ना."

"रिकामी?" एब्बाचा पारा चढला. "मला खिडकी लागते म्हणून दर सतरा मेसाठी तो याच मधल्या जागेत, गुडघे पोटाशी घेऊन घरी गेलाय. आज त्याला सामानात टाकू?"

"नियम असा आहे की..."

"नियम मला नको सांगूस. त्या पडद्यापलीकडे बघ."

पडद्यापलीकडे पैसेवाल्यांच्या चार रांगा. खुर्च्या त्याच, तेवढ्याच रुंद, गुडघ्यांना जागाही तेवढीच. फक्त तिथे मधल्या जागेवर कुणाला बसवत नाहीत. एवढंच तिथलं वैभव, आणि तेवढ्यावर माणसं नाकाने कांदे सोलतात.

"तिथे कुणी बसत नाही म्हणून मान," एब्बा म्हणाली, "आणि इथे कुणी बसत नाही म्हणून हाकलता?"

आसपासच्या माना वळल्या. सिल्ये पुटपुटली, "राहू द्या. मी उद्या बघते काहीतरी." उद्या बघण्यासारखं काहीच नव्हतं, मिरवणूक सकाळीच निघते.

एब्बाला तिचा राग आला. मग राग आला म्हणून स्वतःचाही आला.

"केवढी आहे लेक?"

"सात वर्षांची. आत्ता घरी खिडकीत वाट बघत बसली असेल."

एब्बाने कोटाचा पट्टा सोडला. "ये. बस इथे."

टोर्बेनने सुटकेचा श्वास टाकला आणि वरचं सामानाचं झाकण उघडलं. एब्बाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोट हातावर घेऊन ती तरातरा पुढे गेली, पडदा बाजूला सारला, आणि दुसऱ्या रांगेत मधल्या जागेवर कोट बसवला. पट्टा आवळला. कॉलरवरची गेल्या सणाची लाल-पांढरी-निळी फीत सरळ केली.

शेजारचा सुटातला गृहस्थ दचकला. "अहो, ही जागा रिकामी ठेवायची असते."

"मग आहेच की. तो कोपर मारत नाही."

"हे चालायचं नाही," मागून धावत आलेला टोर्बेन म्हणाला.

"मग उतरव मला. पोलीस बोलाव, पायलटला बोलाव. जन्मभर मधल्या जागेत बसला, आजही मधल्याच जागेत बसलाय. ती पोरगी माझ्याशेजारी बसली. आता तुझी डोकी जुळली की नाही?"

टोर्बेनने मनाशी मोजलं. "जुळली."

"मग दार लाव."

विमान वर गेलं. पट्ट्यांचे दिवे विझल्यावर टोर्बेनने रिवाजाप्रमाणे पडदा ओढला. एब्बा उठली, पुढे जाऊन तिने तो उघडला. "मला तो दिसायला हवा," एवढंच म्हणाली. टोर्बेनने पुन्हा ओढला, तिने पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा टोर्बेन आला आणि त्याने पडदा गोळा करून बंदाने बांधूनच टाकला. पुढच्या गरम पावाचा वास पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि मागच्यांनी आपापले घरचे डबे उघडले.

थोड्या वेळाने मागच्या रांगांमध्ये चहा-कॉफी विकायची गाडी आली.

"काही घेणार?" टोर्बेनने विचारलं. "कॉफी?"

"पुढे प्रत्येकाला मिळते ना कॉफी? न मागता?"

"हो."

"मग त्याची आण. तो कधी पुरी पीत नाही. अर्धी मला ठेवतो."

सिल्येने मान खाली घातली. टोर्बेन गाडी तिथेच सोडून पुढे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात मागच्यांचा कागदी पेला नव्हता, पुढच्यांचा चिनी मातीचा पांढरा कप होता. अर्धा भरलेला.