इरूचा हातमोजा

इरू बालवाडीतून आली की आबा आधी तिच्या दप्तरातला हातमोजा मागायचे. दिवसभरात नातीचा हात जे शिकला, ते हा मोजा घरच्यांच्या हाताकडून तसंच्या तसं करून घ्यायचा. काल आबांच्या बोटांनी मातीचा बैल केला होता.

इरू डावखुरी, म्हणून मोजाही डाव्या हाताचा. "जेवताना तरी उजवा हात वापर," असं आबा तिला पूर्वी दटावायचे. मग पक्षाघाताने त्यांचाच उजवा हात लुळा पडला. डाव्या हाताने जेवायला ते काही केल्या तयार होईनात. सून शीतल चमच्याने भरवायची. भरवणारीच्या स्वयंपाकाला काय नावं ठेवायची, म्हणून ते मुकाट गिळायचे.

गेल्या शुक्रवारी बालवाडीच्या फरजानाताईंनी नेहमीप्रमाणे सगळ्या घरांना विचारलं, "पुढच्या आठवड्यात मुलांना काय शिकवू?"

आबा शीतलला हळूच म्हणाले, "वरणभात कालवायला शिकवा म्हणावं."

आज मोज्यातली त्यांची बोटं बराच वेळ हवेतच कालवत राहिली. मग त्यांनी मोजा काढला, ताट पुढे ओढलं आणि डाव्या हाताने घास उचलला. अर्धा मांडीवर सांडला. शीतल फडकं आणायला उठली.

"राहू दे गं आई," इरू म्हणाली. "आबा, पहिल्या दिवशी सांडतंच. ताई ओरडत नाहीत."

आबा खो-खो हसले. दुसरा घास नीट तोंडात गेला. तो चावता चावता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"शीतल, वरणात मीठ कुठंय?"