तिकडचं बोलावणं

दाराची कडी दुसऱ्यांदा वाजायच्या आत येसूबाईनं दार उघडलं. बाहेर खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली पंचविशीतली मुलगी उभी होती. पिशवीवरची निळी खूण येसूबाईनं लगेच ओळखली. तिची लेक माया तिकडं, लढाई चाललेल्या देशातल्या छावणीत नर्स म्हणून गेली, तेव्हा तिच्या जाकिटावर हीच खूण होती.

त्या देशाचं नाव येसूबाई घेत नसे. माणदेशात रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. नाव घेतलं की येतं. घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता, माया तर हसलीच असती. पण येसूबाई आपली मनातल्या मनातही 'तिकडं' एवढंच म्हणायची.

"मायाताई आहेत का? मी सृष्टी, संस्थेच्या ऑफिसातून..."

"हळू बोल," येसूबाई म्हणाली. "रातपाळी करून झोपलीया."

दार लावून घ्यावं असं तिला वाटलं. पण मुलगी उन्हातनं आली होती, आणि माणसाला उंबऱ्यावरनं परत पाठवायची येसूबाईला सवय नव्हती. तिनं तिला आत घेतलं, ओट्यापाशी खाली बसवलं आणि बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत वर सारून माठातलं पाणी दिलं. मधलं दार नुसतं लोटलेलं होतं. त्यामागं माया होती. तिकडनं आल्यापासून तिला रात्रीची झोप येत नसे. म्हणून विश्रामबागेतल्या दवाखान्यात तिनं रात्रपाळीच मागून घेतली होती.

"आम्ही किती फोन केले, ताई उचलतच नाहीत," सृष्टी कुजबुजली.

येसूबाईनं पदर सावरला. दिवसा मायाचा फोन त्याच पदराखाली असायचा. त्यावर निळी खूण दिसली, की येसूबाई फोन कापून टाकायची.

"पुन्ना न्यायचीया व्हय तिला?"

"नाही मावशी. न्यायचं काही नाही. जे जुने स्वयंसेवक परत आलेत, त्यांनी संस्थेला धरून राहावं एवढंच. रविवारी सभा आहे. ताईंनी तिकडचं थोडं सांगायचं. ऐकून लोक देणगी देतात, त्यातून औषधं जातात."

"गेल्या खेपंलाबी नुसती सभाच हुती. तितनंच ती गेली."

सृष्टीनं तांब्यातलं पाणी घोटभर घेतलं.

"तू गेलीवतीस का तिकडं?"

"नाही. मी इथं ऑफिसलाच असते. आई नको म्हणते."

"शानी हाय तुझी आई."

सृष्टी हसली. येसूबाई हसली नाही. तेवढ्यात आत खाट करकरली आणि दोघी जागच्या जागी थिजल्या. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. बराच वेळ दुसरा आवाज आला नाही, तेव्हा येसूबाईनं कमरेची पिशवी सोडली. आतल्या नोटा न उलगडताच तिनं सृष्टीच्या हातात कोंबल्या.

"ह्ये घे. तिच्या वाटनीचं. कमी पडलं तर आनखी दीन. पर तिला ईचारू नगं."

"अहो मावशी, तुमच्याकडून नको." सृष्टीनं नोटा परत तिच्या हातात ठेवून तिची मूठ हळूच मिटवली. "जो माणूस तिथं राहिलाय, तो बोलला की लोकांना खरं वाटतं. त्यासाठी ताई हव्यात."

"मग मी बोलते."

"तुम्ही? तुम्ही काय सांगणार?"

येसूबाईनं मधल्या दाराकडं एक नजर टाकली. आवाज आणखी खाली आणला.

"ऐतवारी तिचा फोन यायचा. मागं धाडधाड वाजायचं. काय गं ह्ये, म्हनलं, तर म्हनायची, लगीन हाय आई, फटाके वाजत्यात. फुडल्या ऐतवारीबी लगीन. मी म्हनलं, लय लग्नं हुत्यात बाई तिकडं. तर हसली." ती थांबली. "फटाका वाजला की पोरं वरडत्यात गं. तिकडं कुनी वरडत नव्हतं. समदं गप हुयाचं. मला काय कळत नव्हतं व्हय? पर मी आपली ईचारायची, नवरी कशी हाय, जेवाय काय केलंय. आन् ती सांगायची. भात हाय, गोड हाय. सांगताना दात वाजायचं तिचं."

सृष्टीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

"मावशी, हेच सांगा. रविवारी तुम्हीच या. ताईंना मी विचारत नाही."

"तिला कळता कामा न्हाई."

"नाही कळणार."

आयुष्यात येसूबाई चार माणसांपुढं उभी राहून बोलली नव्हती. सभेच्या नुसत्या विचारानंही ती भ्यायली. पण हे भ्या सोसण्यातलं होतं. तिनं नोटा पुन्हा कमरेला खोचल्या आणि चहा ठेवावा म्हणून ओट्याला धरून उठली.

मधलं दार उघडलं.

माया उभी होती. केस मोकळे होते, पण डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता. सगळं ऐकल्यासारखी ती आईकडं बघत होती. येसूबाईच्या वर सारलेल्या बांगड्या खाली घसरून वाजल्या.

मग माया सृष्टीकडं वळली. सभा कुठं, किती वाजता, यातलं तिनं काही विचारलं नाही.

"तिथं आता रात्रपाळीला नर्स कोण आहे?"

सृष्टीनं आधी येसूबाईकडं पाहिलं. मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत ती खाली बघून म्हणाली, "सध्या कुणीच नाही."